जुनी कोरोला अल्टिस: खानदेशात घ्यायची तर कोणती, आणि कशी तपासून

नव्या छोट्या हॅचबॅकच्या साधारण निम्म्या पैशांत आज 2009 ते 2013 च्या दरम्यानची टोयोटा कोरोला अल्टिस मिळते. 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, मागे तिघं ऐसपैस बसतील अशी सीट, आणि शंभरच्या वेगाला न हलणारी गाडी. जळगावहून पुण्याला महिन्या-दोन महिन्याला जाणाऱ्या घराला हा सौदा फायद्याचा आहे. अट एकच: गाडीला जेवढे पैसे देणार, त्याचा पाचवा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवायचा. तेवढा हात मोकळा नसेल तर नवी छोटी गाडीच बरी.

याच बजेटमध्ये स्कोडा सुपर्बही खुणावते. मागच्या सीटवर पाय पसरायला तिच्याइतकी जागा या दरात दुसरी कुठली गाडी देत नाही, हे कबूल. पण 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे. भुसावळच्या मे महिन्यात रेल्वे फाटकावर इंच-इंच पुढे सरकताना त्याचे क्लच तापतात. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं तर बिल ऐकून घाम फुटतो, आणि ते उघडणारा माणूस तालुक्याला मिळत नाही. होंडा अकॉर्ड 2.4 चं इंजिन दणकट आहे, पण पेट्रोल पिते आणि पार्ट मागवून घ्यावे लागतात. सिव्हिक चालवायला मजा आहे; मात्र रावेर-यावलकडे केळीच्या बागेपर्यंत गाडी न्यायची असेल, तर पोट घासून जीव नकोसा होईल.

अल्टिसमध्येही निवड आहे. 2008 पासूनचं पहिलं 1.8 इंजिन 132 पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं), पाच गिअर मॅन्युअल. 2011 च्या फेसलिफ्टनंतर (त्याच मॉडेलच्या सुधारित रूपात) ड्युअल व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारं इंजिन, 140 पीएस, सहा गिअर मॅन्युअल किंवा सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक). डिझेल 1.4 डी-4डी, 88 पीएसचं. डिझेलची जमेची बाजू म्हणजे हे इंजिन इटिऑसच्याच कुळातलं, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रींना ते तोंडपाठ आहे. टर्बो आणि इंटरकूलर मात्र इटिऑससारखे नाहीत, ते पार्ट मागताना नीट सांगा. चार माणसं, सामान आणि एसी लावून चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट चढताना 2,000 आरपीएमच्या खाली डिझेल दम टाकतं. आमची शिफारस फेसलिफ्टनंतरच्या पेट्रोल मॅन्युअलची. गावात 10-11, हायवेला 14 च्या आसपास ॲव्हरेज धरा. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ते थोडं आणखी उतरतं. पेट्रोल-डिझेल दोन्हींना टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही.

गाडी बघायला सकाळी थंडाव्यात जाऊ नका. दुपारी दोनला जा, गाडी तासभर उन्हात उभी करायला लावा. मग एसी पूर्ण लावून इंजिन वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. टेंपरेचरचा काटा मधोमध थांबला पाहिजे, रेडिएटरचे पंखे स्वतःहून सुरू-बंद झाले पाहिजेत. चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत कोमट हवा येत असेल, तर पंखा कमजोर आहे, कंडेन्सर धुळीनं आणि कापसाच्या तंतूंनी चोंदलाय किंवा गॅस कमी आहे. दोन्हीकडे कोमटच असेल तर कॉम्प्रेसरचा खर्च धरून भाव पाडा.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटचं झाकण उघडा. टोयोटाचा कूलंट गुलाबी असतो. आत तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर मालकानं बोअरच्या पाण्यावर भागवलंय. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत धरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापते. फेसलिफ्ट पेट्रोलचा वॉटर पंप गळतो, हे या इंजिनाचं जुनं दुखणं. पंपाभोवती वाळलेली गुलाबी पापडी दिसते का, टॉर्च मारून बघा. दिसली तर पंप आणि कूलंट एकदमच बदलून घ्या. या इंजिनाचं ऑइल बदलताना फिल्टरसह 4.2 लिटर 5डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल लागतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवताना टक-टक आवाज आला तर बहुतेक वेळा स्टिअरिंगचा इंटरमीडिएट शाफ्ट (मधला जोडदांडा) असतो. त्रासदायक, पण धोका कमी. ब्रेकरवरची खडखड लिंक रॉडची (सस्पेन्शनच्या छोट्या दांड्याची) निघाली तर स्वस्तात सुटलात. सीव्हीटी घेणारच असाल तर गरम गाडी चढावर रिव्हर्स घेऊन बघा, थरथरली तर सोडून द्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, आपल्या उन्हात सहा वर्षांपुढचा टायर बदलायचाच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ म्हणजे पुरातली गाडी.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे 2011 ची गाडी 2026 ला फिटनेस तपासणीला उभी राहणार, नूतनीकरणाची फी (2022 पासून 5,000 रुपये) आणि हरित कर भरणार. एकदा पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेली गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. एमएच 12 किंवा 14 ची (पुणे, पिंपरी-चिंचवड) गाडी एमएच 18, 19 किंवा 39 ला (धुळे, जळगाव, नंदुरबार) आणायची तर फॉर्म 28 ची एनओसी (ना-हरकत दाखला), मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असल्यास ते उतरवल्याचा फॉर्म 35. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते कारण तिथे 10 वर्षांच्या डिझेल आणि 15 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवलात की स्वस्ताई संपते. एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबर) पाटी बसवली आहे का तेही बघून घ्या.

विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) त्याच्याकडेच राहतो, तेव्हा एजंटनं त्या बोनसच्या हिशेबानं सांगितलेला हप्ता धरून चालू नका.