न्यू होपचा नाकाशिमा कारखाना : आधी फळी, मग टेबल

पेनसिल्व्हेनियात न्यू होप गावाजवळच्या चढावर जॉर्ज नाकाशिमा यांचा लाकडी फर्निचरचा कारखाना आहे. न्यू जर्सीत किंवा फिलाडेल्फियाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना लाकडाचा लळा आहे, त्यांनी इथे जावंच, काही घ्यायचं नसलं तरी.

माझे बाबा सुतार. कुडाळकडे साग, फणस आणि आंब्याच्या लाकडावर त्यांचं आयुष्य गेलं. ते इकडे आले होते तेव्हा मी त्यांना इथे घेऊन गेले. आत शिरल्यावर बाबांनी पहिल्यांदा टेबलाच्या खाली वाकून पाहिलं. चांगलं काम खालूनच कळतं, हे मी त्यांच्याकडून लहानपणापासून ऐकत आलेय. खालची बाजूही वरच्याइतक्याच मनापासून रंधलेली होती. नाकाशिमा ज्या गिऱ्हाइकासाठी टेबल करायचे, त्याचं नाव खालच्या अंगाला शाईने लिहून ठेवायचे. स्वतःची सही मात्र त्यांनी कित्येक वर्षं केली नाही.

अक्रोडाच्या एका लांब फळीपाशी बाबा बराच वेळ उभे राहिले. फळीला मधोमध भेग. आमच्याकडे अशी फळी आली की भेगेपासून कापायची, नाहीतर भुसा आणि फेविकॉल कालवून भरायची. इथे भेग तशीच उघडी ठेवलीय आणि ती पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर आडव्या, डमरूच्या आकाराच्या लाकडी चाव्या बसवल्यात. फळीची कडाही सरळ केलेली नाही, झाडाचा बाहेरचा वळसा जसाच्या तसा आहे. चावी इतकी चपखल बसलीय की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. बाबा म्हणाले, "भेग लपवणं सोपं. ती दाखवायची तर हात फार तयार लागतो."

तो हात कसा तयार झाला, हे कळलं की या कामाचा खरा अंदाज येतो. नाकाशिमा यांचा जन्म 1905 चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. शिक्षण वास्तुशास्त्राचं, एमआयटीपर्यंत. 1934 मध्ये टोकियोत वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयात लागले आणि त्याच कामासाठी पुढे पाँडिचेरीला गेले. अरविंद आश्रमाची गोलकोंड ही इमारत उभी राहताना ते तिथे होते. श्रीअरविंदांनी त्यांना सुंदरानंद हे नाव दिलं. अमेरिकेत परतल्यावर, दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये जपानी वंशाच्या इतर लोकांबरोबर त्यांनाही सरकारने आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं, बायको आणि तान्ह्या मुलीसह. तिथे गेंतारो हिकोगावा हे जुन्या जपानी पद्धतीचे सुतार भेटले. उच्चशिक्षित वास्तुविशारद त्या छावणीत जपानी हत्यारं जुन्या पद्धतीने चालवायला शिकला, मिळेल त्या लाकडावर. 1943 मध्ये रेमंड यांनी हमी घेतल्यामुळे सुटका झाली आणि हे कुटुंब न्यू होपला आलं. अन्यायाने सुरू झालेली ही शिकवणी अन्यायच राहते, पण त्या माणसाने हिकोगावांचं ऋण कामातून फेडलं, असं मला मनापासून वाटतं.

आता ऑर्डरबद्दल. कोणत्या खोलीत, किती माणसांसाठी, हे आधी सांगायचं. मग फळ्या बघायच्या. एका ओंडक्याच्या फळ्या कापल्या त्याच क्रमाने रचून ठेवतात, म्हणजे शेजारच्या दोन फळ्या उघडून लावल्या की रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. लाकूड वर्षानुवर्षं वाळवलेलं असतं. फळी ठरली की तिच्या मापाने रेखाटन होतं. किंमत हजारो डॉलरमध्ये जाते आणि महिनोन् महिने थांबावं लागतं. आम्ही काही घेतलं नाही, परवडण्यासारखं नव्हतं. तरीही किंमत अवाजवी वाटली नाही. दुसरी तशी वस्तू होणारच नसते, आणि भेगेत राळ ओतून चकचकीत केलेली जी टेबलं आता सगळीकडे मिळतात त्यांच्याशी याची तुलना करणं चूक आहे.

मला विचाराल तर मोठ्या टेबलांपेक्षा 1960 ची कोनॉइड खुर्ची जास्त थोर आहे. तिला पाय दोनच, दोन्ही पुढे. खाली मागेपर्यंत गेलेल्या दोन पट्ट्या. बैठकीच्या मागच्या भागाला खालून आधार काहीच नाही, म्हणून बसायला भीती वाटते. बाबा आधी हाताने दाबून पाहत होते, मग बसले आणि मान डोलावली. गालिच्यावर ती अलगद सरकते. ज्या स्टुडिओचं नाव तिला आहे तो आवारातच आहे, वर काँक्रीटच्या पातळ कवचाचं लाटांसारखं छप्पर.

1990 मध्ये नाकाशिमा गेले. कारखाना त्यानंतर त्यांच्या मुलीने, मीरा नाकाशिमा यांनी चालवला. छावणीतलं तान्हं मूल ते हेच. जुन्या नमुन्यांबरोबर त्यांचे स्वतःचेही नमुने आहेत.

निघण्याआधी भेटीच्या वेळा विचारून घ्या, रोज सगळं उघडं नसतं. पाऊस पडून गेलेला असेल तर चढावर चालताना सांभाळा, वयस्कर माणसं बरोबर असतील तर जास्तच. न्यू होप लांब पडत असेल तर न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये त्यांची 1986 ची अक्रोडाची शांतिवेदी आहे. भारतातल्यांसाठी ऑरोव्हिलमध्ये 1996 पासून तशीच एक आहे. पाँडिचेरीला जाणारे आपल्याकडचे पुष्कळ असतात, त्यांनी ती चुकवू नये.