डेडिका, बॅम्बिनो की गाजिया क्लासिक? घरासाठी एस्प्रेसो मशीन निवडताना

मराठी घरात 'एस्प्रेसो' म्हटलं की निम्म्या लोकांना लग्नाचा हॉल आठवतो. कोपऱ्यातलं स्टीलचं मशीन, फुसफुसणारी वाफ, कपात फेटलेली इन्स्टंट कॉफी आणि साखर, त्यावर फेसाळ दूध, वरून चॉकलेट पावडरची चिमूट. ती कॉफी मलाही आवडते. पण तिचा आणि आपल्या विषयाचा संबंध वाफेपुरताच. घरी तीच हवी असेल तर इन्स्टंट कॉफीची बाटली, चमचा आणि दंडात थोडा जोर एवढं पुरे. हजारो रुपये घालवू नका.

इथे ज्या एस्प्रेसोबद्दल बोलतोय ती अशी: साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९० ते ९६ अंशांचं पाणी, ९ बार दाब, २५ ते ३० सेकंद, आणि कपात ३६ ग्रॅमच्या आसपास दाट अर्क. हा दाब घरच्या गॅसवर मिळत नाही. १९३३ साली इटलीत आलेला बियालेत्तीचा मोका पॉट जेमतेम एक-दोन बारपर्यंत जातो. मिलानच्या आकिले गाजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि युद्धानंतर स्प्रिंगच्या दट्ट्याची मशीनं आणली, तेव्हा कुठे कपावर ती सोनेरी साय, म्हणजे क्रेमा, दिसू लागली. तरीही मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी मोका पॉटच घ्यायला सांगतो. ज्यांना दूध-साखरेची कडक कॉफी हवी आहे, त्यांना दोन-तीन हजारांच्या त्या भांड्यात नव्वद टक्के समाधान मिळतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी जीव तुटत असेल तर पुढचा खर्च.

खोक्यावर '१५ बार' किंवा '२० बार' छापलेलं असतं, त्याकडे अजिबात बघू नका. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. कॉफीला ९ पुरतात, आणि चांगलं मशीन उरलेला दाब वाटेत सोडून देतं.

बघायचं ते ग्राइंडरकडे. मिक्सरच्या पात्यांनी कॉफी कापली जाते, दळली जात नाही. अर्धी धूळ, अर्धे खडे. पाणी जिथे वाट सापडेल तिथून घुसतं आणि कप एकाच वेळी आंबटही होतो, कडूही. एस्प्रेसोपर्यंत बारीक जाणारा आणि बारीक टप्प्यांनी फिरवता येणारा बर ग्राइंडर (म्हणजे पात्यांऐवजी दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा) हवाच, मग तो हाताने फिरवायचा का असेना. एकूण पैशांतला निदान एक-तृतीयांश त्याच्यासाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्यात मशीन बघा. हा हिशेब उलटा केला की महागड्या मशीनमधून सामान्य कॉफी येते. ओळखीच्या तीन घरांत मी हे पाहिलंय, त्यांतलं एक माझंच.

आता तिन्ही मशीनं. डेलाँगीची डेडिका माझ्याकडे तीन वर्षं होती, ठाण्याला बहिणीकडे ब्रेव्हिलची बॅम्बिनो प्लस आहे, आणि सध्या माझ्या ओट्यावर गाजिया क्लासिक आहे.

डेडिकाचं रूप भारतीय स्वयंपाकघराला साजेसं. रुंदी फक्त १५ सेंटीमीटर, म्हणजे मिक्सर आणि भिंत यांच्या फटीत मावते. तिघांत सगळ्यात स्वस्त. थर्मोब्लॉक (म्हणजे पाणी जाता जाता तापवणारा धातूचा ठोकळा) असल्यामुळे मिनिटाभरात तापते. तिची खरी गंमत जाळीत, म्हणजे दळलेली कॉफी भरायच्या भोकांच्या वाटीत आहे. सोबत मिळणाऱ्या जाळीला दुहेरी तळ असतो आणि बाहेर पडायला सुईएवढं एकच भोक, त्यामुळे दाब कॉफीमुळे तयार होत नाही, त्या भोकामुळे होतो. दळण थोडं जाडं असो वा दुकानातून आणलेली तयार पूड असो, वर फेस येणारच. नवशिक्याला हे वरदान वाटतं. वर्षभराने लक्षात येतं की कॉफी कुठलीही घाला, चव साधारण एकच. मग लोक ५१ मिलिमीटरची साध्या तळाची जाळी मागवतात, आणि त्या दिवसापासून चांगला ग्राइंडर लागतो. म्हणजे खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. सुरुवातीला हात तंग असेल तर हे वाईटही नाही.

बॅम्बिनोचा वेग दुसऱ्या कुणाला नाही. कंपनी तीन सेकंद सांगते आणि पाण्यापुरतं ते खरं आहे. पण तीन सेकंदांत धातू तापत नाही. म्हणून पोर्टाफिल्टर, म्हणजे जाळी बसवायचा दांडा, लावून आधी एकदा नुसतं पाणी काढायचं, कप त्याच पाण्याने गरम करायचा आणि मग कॉफी. हे केलं नाही तर पहिला कप आंबट लागतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात हीच मशीनं 'सेज' नावाने मिळतात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना गोंधळू नका. पोर्टाफिल्टर ५४ मिलिमीटरचा. मशीन हलकं असल्यामुळे दांडा लावताना एका हाताने वरून धरावं लागतं, नाहीतर अख्खं मशीन ओट्यावर सरकतं.

प्लसमध्ये दूध आपोआप फेसाळतं. दुधाचा मग ठेवा, नळी बुडवा, बटण दाबा. तपमानाचे तीन टप्पे, फेसाचेही तीन. बहिणीकडे सकाळी चार जणांना चार तऱ्हेची कॉफी लागते, आणि कुणालाही काही शिकवावं लागलं नाही. पंधरा-वीस मिनिटांत घर कॉफी पिऊन मोकळं.

गाजिया क्लासिक हे १९९१ पासूनचं घराणं. पोलादी अंग, हॉटेलातल्या मशीनला लागतो तोच ५८ मिलिमीटरचा भरीव पोर्टाफिल्टर, आणि एकच छोटा बॉयलर. त्या एका बॉयलरमध्ये तिचे सगळे गुण आणि सगळी गैरसोय. दिवा पाच मिनिटांत लागतो, पण ग्रुपहेड, म्हणजे दांडा जिथे अडकवतात तो भाग, खरं तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात. मी उठल्या उठल्या बटण दाबतो आणि आंघोळीला जातो. एका कपाचं दूध फेसाळायचं तर आधी कॉफी काढायची, मग वाफेचं बटण दाबून बॉयलर आणखी तापू द्यायचा, मग दूध. दुसऱ्या कपासाठी पाणी सोडून बॉयलर पुन्हा थोडा थंड करायचा. रविवारी सकाळी चार पाहुणे आले की चौथ्याचा कप येईपर्यंत पहिल्याने पेपर वाचून ठेवलेला असतो.

मग मी ती का घेतली? कारण ती उघडता येते. चार स्क्रू काढले की आत बॉयलर, पंप, दोन थर्मोस्टॅट आणि वायरी, सगळं डोळ्यांना दिसतं. रबरी गॅसकेट वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं, ते काम स्क्रूड्रायव्हर धरता येणारा कुणीही करतो. तीन-मार्गी झडपेमुळे कॉफी झाल्यावर उरलेला दाब मागे निघून जातो आणि चोथा कोरड्या टिक्कीसारखा एका ठोक्यात बाहेर पडतो. साध्या बॅम्बिनोत तो चिखलासारखा ओला राहतो (प्लसमध्ये नाही). जुन्या मशीनचा दाब जास्त असेल तर स्प्रिंग बदलून ९ वर आणता येतो, आणि हौस असेल तर तापमान नियंत्रक बसवता येतो. बॅम्बिनोचं तापवणारं यंत्र बिघडलं तर तो भागच नवा घालावा लागतो, आणि गॅरंटी संपल्यावर दुरुस्तीचा आकडा ऐकून नवंच घ्यावंसं वाटतं. माझ्या वडिलांचा पंखा चाळीस वर्षं चालला. मी त्या संस्कारातला माणूस. तुम्ही नसाल तर गाजियाचा हा गुण तुमच्या काही कामाचा नाही.

चवीत फरक किती? काळी एस्प्रेसो प्यायची असेल आणि ग्राइंडर एकच वापरला, तर नीट तापलेली गाजिया आणि नीट तापवलेली बॅम्बिनो यांतला फरक मला दर वेळी ओळखता येत नाही. डेडिका तिच्या मूळ जाळीवर मागे पडते. साधी जाळी घातली की तीही बरीच जवळ येते. दूध घातल्यावर तर ओळखणाऱ्याला माझ्याकडून बक्षीस.

आणि आपल्याकडे दूध घातलं जातंच, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. पहिली अडचण साय. उकळून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध तसंच मगात ओतलं तर सायीचे तुकडे फेसात तरंगतात. गाळून घ्या, नाहीतर पिशवी फोडल्याबरोबर कॉफीपुरतं थंड दूध बाजूला काढा; ते पाश्चराइज्ड असतंच. म्हशीच्या दुधाची कॉफी जास्त भरदार लागते, पण मऊ, रंगासारखा ओतता येणारा फेस मला गाईच्या दुधाचाच जमतो.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही: घरातली वडीलधारी माणसं. दूध ६० ते ६५ अंशांवर सगळ्यात गोड लागतं, ७० च्या वर गोडवा जातो आणि फेस बसतो. पण ज्यांना चटका बसेल असा चहा लागतो, त्यांना ही कॉफी कोमट वाटते. आईने पहिला घोट घेऊन कप परत दिला होता, "गरम कर जरा" म्हणून. यावर बॅम्बिनो प्लसचा सगळ्यात वरचा टप्पा चालतो. गाजियात मगाला लावलेला हात पोळेपर्यंत वाफ देत राहा. डेडिकाची वाफ तिघांत बेताची, तिला जास्त वेळ लागतो. आईच्या कपासाठी मी आता सरळ जास्त तापवतो. जायफळही तीच किसून घालते, आणि मी गप्प बसतो.

वीज आणि पाणी. ही मशीनं साधारण १३०० ते १६०० वॅट खेचतात. आपल्या छोट्या ६ अँपियरच्या प्लगची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट, म्हणजे मशीन मोठ्या १६ अँपियरच्या पॉवर प्लगवरच लावायचं. ओट्यावर असा प्लग बहुधा एकच असतो आणि तो मायक्रोवेव्हने अडवलेला असतो. मशीन मागवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

परदेशातून आणायचं असेल तर देश बघा. ब्रिटन, दुबई, सिंगापूर इथली मशीनं आपल्या विजेवर चालतात, वरचा प्लग तेवढा बदलायचा. अमेरिकेतली १२० व्होल्टची असतात. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून परतताना प्रेमाने एक घेऊन आला. ती चालवायला मशीनइतकाच जड स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागला, आणि तो गुणगुणतो. आता मशीन माळ्यावर आहे, ट्रान्सफॉर्मरसकट.

पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर क्षार साचून तिन्ही मशीनं सारखीच मरतात, फक्त गाजियाचा बॉयलर काढून साफ करता येतो. उलट, आरओचं अगदी निथळ पाणी घातलं तर कॉफी बेचव होते. मी दोन्ही मिसळतो. वाण्याकडचं लिंबूसत्त्व क्षार काढायला चालतं, पण ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये ते जपून, पातळ करून आणि थोडाच वेळ. जुन्या गाजिया क्लासिकचा बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. हाताच्या दट्ट्याचं फ्लेअरसारखं यंत्र विजेशिवाय चालतं आणि काळी एस्प्रेसो सुरेख देतं, पण दुधासाठी वाफ नाही आणि दोन कपांनंतर हौस फिटते. एकटे राहात असाल आणि दूध घालत नसाल तर पैशांच्या मानाने तेच सर्वोत्तम. कॅप्सूलचं (कॉफीची सीलबंद डबी घालायचं) मशीन सोयीचं, पण दर कपाची किंमत आयुष्यभर मोजत राहावी लागते आणि कॉफी निवडण्याचा हक्क कंपनीकडे जातो. आतच दळणारी पूर्ण स्वयंचलित मशीनं ऑफिसात शोभतात. ज्या घरात कुणालाच यातलं काही शिकायचं नाही आणि पैशांची अडचण नाही, त्यांनी खुशाल घ्यावं.

बियांचा हिशेबही आधीच करून ठेवा. २५० ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमचे तेरा-चौदा डोस. दोघांना रोज एकेक म्हटलं तर पाकीट आठवडाभर, शिवाय नवं पाकीट उघडलं की दळण जुळेपर्यंत दोन-तीन डोस बेसिनमध्ये. पाचशेच्या आसपासचं पाकीट धरलं तर महिन्याचे अडीच हजारांच्या आसपास. सुरुवातीला मध्यम-गडद भाजणी घ्या. चिकमंगळूर-कुर्गच्या बिया आता मुंबईचे आणि नागपूरचे भाजणारेही ताज्या भाजून घरपोच देतात. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड मात्र या मशीनमध्ये घालू नका. ती ओली झाली की चिकट होते आणि जाळी तुंबते. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालची ग्राइंडरची खूण आज चालत नाही, तेव्हा मशीनला शिव्या न देता दळण एक-दोन घरं इकडे-तिकडे करून बघा.

तर घरात तीन-चार पिणारे, सगळ्यांना दुधाची, सकाळी घाई: बॅम्बिनो प्लस, दुसरा विचार नको. कॉफीचं वेड टिकेल की नाही याची खात्री नाही, ओट्यावर जागा नाही: डेडिका, आणि सोबत मूळ जाळीच. एक-दोन पिणारे, वेळ आहे, हात काळे करायची तयारी आहे: गाजिया. जुनी मिळाली तरी चालेल. घेताना दांडा लावून पाणी सोडून बघा. कडेने गळत असेल तर फक्त गॅसकेट गेलंय, भाव पाडा.