अंधारात फोकस: डीएसएलआर की मिररलेस?

आधी आकडे. निकॉन डी७५० (२०१४) या आरसा असलेल्या डीएसएलआरचा ऑटोफोकस उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेड मोजायचं एकक) चालतो, कॅनन ईओएस आर६ (२०२०) या आरसा नसलेल्या मिररलेसचा उणे ६.५ पर्यंत. ईव्ही एकाने उतरला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे आर६ला अकरापट कमी उजेडही पुरतो. मात्र आर६चा हा आकडा एफ/१.२ लेन्स (जिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, खूप मोठं असतं) आणि मधला फोकस पॉइंट धरून दिलेला आहे. लहान छिद्राची एफ/४ झूम लावून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

फरक रचनेत आहे. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो आणि आरशातून पलीकडे गेलेला थोडासाच प्रकाश त्याच्या वाट्याला येतो. मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरच फोकस साधतो, त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरचा पुरेपूर फायदा मिळतो. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य अंधारात रेंगाळतं खरं, पण निदान दिसतं तरी! डीएसएलआरच्या आरशातून तर आपल्या डोळ्यांनाही काही उमगत नाही.

मीटरिंगकडे, म्हणजे उजेड मोजून एक्सपोजर (फोटो किती उजळ येईल ते) ठरवण्याकडे, मात्र फारसं कुणी पाहत नाही. आर६चं मीटर उणे ३ ईव्हीला थांबतं, डी७५०चं मॅट्रिक्स मीटरिंग (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारं) शून्यालाच. म्हणजे दोन्हींत फोकस लागतो, पण एक्सपोजरचा भरवसा आधीच संपलेला असतो. तिथे मॅन्युअल मोड, एक चाचणी फ्रेम आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख), हाच मार्ग.

माझा कौल मिररलेसला. फक्त फोकस पॉइंट सपाट काळ्या कापडावर न ठेवता कॉलरच्या कडेवर ठेवा. कॉन्ट्रास्टच नसेल तर कुठलाही कॅमेरा चाचपडतच राहतो.