ला पोसा: जागा स्वस्त, पाणी मोजून

अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइट गावाला लागून ला पोसा नावाचं सरकारी माळरान आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने तिथे आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, लावून राहता येतं. 2022-23 च्या हंगामात त्याच्या परवान्याचे आम्ही 180 डॉलर भरले. महिन्याला 26 सुद्धा पडले नाहीत. कुठेतरी चुकतंय म्हणून ह्यांनी तीनदा हिशेब केला.

काचेवर स्टिकर लावा आणि आवडेल तिथे गाडी उभी करा. आखलेल्या जागा नाहीत, वीज नाही, दाराशी नळ नाही. नुसती खडी, काटेरी झुडपं आणि कोरडे ओहोळ. ओहोळात मात्र मुक्काम नको, वाळवंटातला पाऊस सांगून येत नाही.

खरं भाडं पाण्याचं. ते भरायची आणि मैल्याची टाकी रिकामी करायची सोय माळरानाच्या ला पोसा साउथ या भागात आहे, परवान्यातच. पण गाडी हलवून जावं लागतं. आमची टाकी 150 लिटरची. पहिल्यांदा सहा दिवसांत खडखडाट. मी सोलापूरची, चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरातली. मग मीच सूत्रं हातात घेतली. तांब्या-बादलीने आंघोळ, तांदळाचं धुवण भांड्यांना. अकरा दिवस पुरवलं! जानेवारीत आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा "उद्या जाऊ" म्हणू नका. हे म्हणाले होते. रात्री टाकीचा लाल दिवा लागला आणि सकाळी आमच्यापुढे गाड्यांची ही रांग.

रात्री चांगल्याच गार. हीटरचा पंखा बॅटरी खातो, 200 वॉटचं सोलर आम्हाला कमी पडलं.

करमणूक म्हणाल तर गावातल्या दफनभूमीत जा. हाजी अली तिथेही आहे! अमेरिकन लष्कराने 1850 च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. लोकांना नाव उच्चारता येईना, त्याचं "हाय जॉली" केलं. 1902 मध्ये गेला. दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट उभा आहे.

शौचालयाची टाकी लहान असेल तर फार दिवसांसाठी जाऊ नका. निघण्याआधी चालू दर बघा आणि 20 लिटरचे दोन कॅन जास्तीचे घ्या. आमचे गॅरेजमध्ये धुऊन तयार आहेत.