भाड्याच्या लाइट्सवर चार ऋतू: एका दुकानाचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

नाटकाचे लाइट भाड्याने देणाऱ्या या दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण तक्रारीही आहेत आणि शेवटी मालकाने न भांडता पैसे वजा करून दिले, त्यामुळे उगाच कशाला. पुण्यातले हौशी लोक वाचत असाल तर पेठेतल्या त्या बोळात टेम्पो रिव्हर्स घेताना एकदा तरी घासला असेल तुमचा, ओळखाल.

आमचं नाटक दोन अंकी, राजापूरकडचं एक घर, त्याचं अंगण आणि पडवी. नेपथ्य शेवटपर्यंत तेच, गोष्ट मात्र वैशाखात सुरू होऊन पुढच्या माघात संपते. म्हणजे ऋतू बदलला हे सांगायचं काम सगळं लाइटवर आणि लाइट माझ्याकडे. सेटवर पैसे संपल्यावर दिग्दर्शकाला प्रकाशयोजनेचं महत्त्व अचानक पटतं, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल.

तर सामान काय घेतलं: १२ हेलोजन पार (पार म्हणजे झोताचे साधे दिवे, हे हजार वॅटचे), १० एलईडी पार, ४ प्रोफाइल (रेखीव कडांचा झोत टाकणारे दिवे), उजेड कमी-जास्त करायला १२ चॅनलचा डिमर, एक हेझर (धुक्याचं मशीन), दोन उभे स्टँड, आणि जिलेटीनचे तुकडे, म्हणजे दिव्यापुढे लावायचे रंगीत पारदर्शक कागद. रंगीत तालीम आणि प्रयोग मिळून दोन दिवसांचे साडेअकरा हजार, टेम्पो वेगळा. सोबत त्यांचा एक माणूस येतो, त्याचे पैसे यातच. हा माणूस म्हणजे या दुकानातली सगळ्यात भारी वस्तू. साठीच्या आसपासचे काका, बोलणं कमी, तोंडात कायम सुपारी.

मी जाताना वहीत लिहून नेलं होतं की पहिला प्रवेश, मे महिना, दुपार, अंबर (म्हणजे पिवळा-नारिंगी). काकांनी वही बघितली आणि म्हणाले, "ताई, मे महिन्यात दुपारी ऊन पिवळं असतं का हो? पांढरं असतं. डोळे दिपतात ते पांढऱ्याने."

आणि खरंच की. आपण सगळे उन्हाळा म्हटलं की पिवळा-नारिंगी कागद लावून मोकळे होतो, पण तो रंग संध्याकाळचा आहे, कुठल्याही महिन्यातल्या. वैशाखाचं ऊन ओळखू येतं ते कोनावरून. राजापूर-रत्नागिरीच्या पट्ट्यात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली गोळा होते, आणि त्याच अंगणात डिसेंबरअखेर तो दुपारीसुद्धा पन्नास अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे मे पाहिजे असेल तर लाइट सरळ वरून खाली, आणि माघ पाहिजे असेल तर विंगेतून, स्टँडवर, खालून तिरपा, की तुळशीवृंदावनाची सावली पार पडवीच्या पायरीपर्यंत लांब गेली पाहिजे. रंग बदलायच्या आधी हे झालं की निम्मं काम झालं. मला एवढी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं किंवा मी ऐकलं नव्हतं.

पण वरून लाइट टाकला की नटांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आमची आजी तर थेट भूत दिसायला लागली. समोरून लाइट वाढवावा तर दुसरी सावली पडते आणि दुसरी सावली पडली की प्रेक्षकाला न कळता कळतं की हे खोटं आहे, कारण सूर्य एकच असतो ना. काकांनी काय केलं, सेटवाल्या पोरांकडून पांढरी धोतरं मागवली आणि अंगणात वाळवणासारखी पसरली. त्यावरून उजेड उसळून तोंडावर आला. वर वाळवण मे महिन्यातलंच, त्यामुळे दिग्दर्शकाला वाटलं ही नेपथ्याची आयडिया आहे आणि त्याने क्रेडिट तिकडे दिलं, असो.

पांढरं ऊन करायला हेलोजनला निळा कागद लागतो, कारण हेलोजन मुळात पिवळट, ३२०० केल्विन (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट), आणि दुपारचं ऊन साधारण ५६०० धरतात. पूर्ण निळा म्हणजे २०१ नंबरचा कागद लावला तर उजेड जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे हजार वॅटचा दिवा घेऊन कागदात सहाशेपेक्षा जास्त वॅट घालवायचे. आम्ही त्याच्या निम्म्या ताकदीचा २०२ लावला आणि बाकीचं डोळ्यावर सोडलं, बाजूला पिवळट काही नसलं की तेच पांढरं वाटतं.

इथे पहिली तक्रार. दुकानाने दिलेले जिलेटीनचे तुकडे वापरून वापरून मधोमध रंग उडालेले होते, दोन तर जळून भोक पडलेले, आणि पाकिटावर २०२ लिहून आत भलताच निळा. कागद स्वतःचे विकत घ्या, एक शीट आणली तर चार-पाच दिव्यांना पुरते आणि पुढच्या नाटकाला पण होते.

दुसरी तक्रार एलईडी पारची. १० पैकी ६ एका लॉटचे आणि ४ दुसऱ्या, सगळ्यांना पांढरा दिला तर ६ गुलाबट आणि ४ हिरवट! मागच्या पडद्यावर आभाळ अर्धं आजारी दिसत होतं. वर एलईडीचं हे लाल-हिरवं-निळं मिसळून केलेलं पांढरं माणसांवर टाकलं की कातडी मेल्यासारखी दिसते आणि हिरवं नऊवारी भलतंच पोपटी होतं. म्हणून ठरवलं की एलईडी फक्त आभाळाला, माणसांना हेलोजन. पण ६ आणि ४ जुळवायला तालमीचा सव्वा तास गेला तो गेलाच.

आता तिन्हीसांजा. दुसऱ्या अंकात पाच मिनिटांचा प्रवेश आहे, बोलणं अगदी कमी, नुसती संध्याकाळ होत जाते आणि सून दिवा लावते. मी आधी सगळं एलईडीवर बसवलं होतं, कारण सोप्पं ना, बोर्डावर वेळ टाकली की झालं. तालमीत वरचा भाग छान उतरला आणि शेवटी शेवटी उजेड टक, टक, टक असा पायऱ्या उतरल्यासारखा पडायला लागला. हे स्वस्तातले पार अंधारापासून फुलपर्यंत २५६ पायऱ्यांत चालतात. वर काही कळत नाही, पण पाचवरून चारवर आला की उजेडाचा पाचवा हिस्सा एका झटक्यात गेला, आणि पाच मिनिटांच्या फेडमध्ये अशी प्रत्येक पायरी सेकंदाहून जास्त थांबते. पहिल्या रांगेतल्या माणसाला मोजता येईल. महागड्या दिव्यांत बारीक पायऱ्या असतात, हे मला माहितीये, पण ते आमच्या बजेटात नाहीत आणि या दुकानातही नाहीत.

मग काकांनी मावळतीच्या बाजूचे दोन हेलोजन घेतले. हेलोजनची तार हळूहळू थंड होते, त्यामुळे झटका दिसतच नाही, आणि उतरता उतरता ती आपोआप लालसर होत जाते. जी गोष्ट आपण दिव्याचा दोष म्हणतो तीच नेमकी इथे पाहिजे होती. पडद्यावरचं निळं आभाळ त्यांनी मागे ठेवलं, म्हणजे ऊन आधी गेलं आणि आभाळ नंतर दीडेक मिनिट तसंच निळं राहिलं, गावाला राहतं तसं, आणि ते विझायच्या आत सूनबाईने काडी ओढली. पायऱ्या मोजायला कुणाला सुचू नये म्हणून आभाळ शून्यावर नेलंच नाही, सहा-सात टक्क्यांवर सोडून दिलं. प्रयोगात त्या वेळी कुणी खोकलं पण नाही.

पावसाचं थोडक्यात सांगते. पाऊस आणायचा म्हणजे आधी सावल्या काढून घ्यायच्या, आवाज नंतर. आम्ही ऊन चार सेकंदांत उतरवलं, वरून फ्रॉस्ट (उजेड पसरवणारा दुधी कागद) लावलेला थंड उजेड सगळीकडे सारखा टाकला, लोकांनी आपोआप वर बघितलं. वीज एकसारखी लुकलुकवली की लग्नातला डीजे वाटतो, दोनच झटके द्या, तेही एकसारखे नकोत, आणि गडगडाट तीनेक सेकंदांनी, म्हणजे वीज किलोमीटरभर लांब पडली असं वाटतं. श्रावणातल्या उन्हाला काकांनी कँटीनमधून परात आणली, पाणी घातलं, आत फुटक्या आरशाचे तुकडे, त्यावर एक प्रोफाइल. परातीला टिचकी मारली की पडवीच्या आढ्यावर उजेड हलायचा. (वायरी लांब ठेवा, आणि परात कँटीनवाल्याला विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं.) प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हात कोळशाच्या खाणीत पाणी चढतंय हे उजेडावर दाखवलं होतं म्हणतात ते मी वाचलं होतं, तेव्हा मोठी यंत्रणा असेल असं वाटलेलं. परात बघितल्यापासून तसं वाटत नाही.

कोजागरीच्या चांदण्याला मी गडद निळा ११९ नंबरचा कागद काढला होता, काकांनी नुसती मान हलवली. फिकट ११७ लावला. चांदणं खरं तर उन्हापेक्षा किंचित पिवळटच असतं, कमी उजेडात आपल्या डोळ्याला ते निळसर वाटतं एवढंच, त्यामुळे नीळ ओतायची गरज नसते.

हेझर मात्र टाकाऊ. बारीक धुकं सोडण्याऐवजी भसाभसा धूर ओकतो आणि पंख्याचा आवाज असा की माघातल्या शांत पहाटे वाटावं मागे गिरणी चालू आहे. दुसऱ्या अंकात बंदच ठेवला. याचेच पैसे मालकाने वजा केले. टेम्पो पण पाऊण तास उशिरा आला, पण पुण्यात त्याला उशीर म्हणत नाहीत.

घेणार असाल तर: सकाळी अकराच्या आत फोन उचलत नाहीत. एका वेळी किती हेलोजन लावणार ते हॉलच्या इलेक्ट्रिशियनला आधी सांगा, आमचे १२ एकदम फुल म्हणजे १२ किलोवॅट होतात. एलईडी एकाच लॉटचे मागा आणि दुकानातच भिंतीवर पांढरे लावून बघून घ्या, मालक कुरकुर करतो पण लावू देतो. हेझर दुसरीकडून. आणि बुकिंग करतानाच काकांचं विचारा, कारण सीझनला ते दुसऱ्या ग्रुपकडे गेले तर एक तरुण पोरगा पाठवतात, तो चांगला आहे पण सारखा मोबाइलवर असतो.

डिपॉझिट तिसऱ्या दिवशी परत आलं, परातीचे सोडून, ते कँटीनवाल्याने आमच्याकडून वेगळे घेतले.