सेगाचे ‘आउट रन’: संग्राहकाच्या नजरेतून एका आर्केड यंत्राचे मोल

मोटार चालवण्याच्या जुन्या आर्केड खेळांपैकी, म्हणजे खेळघरांत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांपैकी, विकत घेऊन जपावे असे एकच यंत्र निवडायचे झाले, तर मी सेगा कंपनीचे १९८६ सालचे ‘आउट रन’ निवडीन. खेळ म्हणून त्याची थोरवी नव्याने सांगण्याची गरज नाही. संग्रहासाठी ते घेताना त्याचे मोल नेमके कशात शोधावे, याबद्दल मात्र बरेच गैरसमज दिसतात. बहुतेक जण आधी रंग आणि बाजूची चित्रे पाहतात, मग पडदा पाहतात आणि यंत्राच्या हालचालीकडे सर्वांत शेवटी वळतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा.

सेगाचे खेळ-रचनाकार यू सुझुकी यांनी हा खेळ रचला तो शर्यत म्हणून नव्हे, तर गाडी चालवण्याचा आनंद म्हणून. त्यासाठी त्यांनी युरोपातील रस्त्यांवरून प्रत्यक्ष प्रवास केला होता. येथे कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला हरवायचे नसते. घड्याळाशी झुंजत पुढचा टप्पा गाठायचा असतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो आणि डावीकडे जायचे की उजवीकडे, हे खेळणारा स्वतः ठरवतो. एकूण टप्पे १५ आहेत, पण एका फेरीत त्यांतले ५ च पाहायला मिळतात आणि शेवटही ५ निरनिराळे आहेत. हा फाटा पडद्यावर इतक्या सहजतेने उलगडतो, याचे श्रेय यंत्राच्या रचनेला आहे. दोन रस्ते स्वतंत्रपणे आखून एकमेकांवर बसवणारी सोय सर्किटमध्येच आहे, तर झाडे, फलक आणि रस्त्यावरच्या इतर गाड्या लहानमोठ्या करण्याचे काम सेगाची ‘सुपर स्केलर’ पद्धत करते. मोटोरोलाचे दोन ६८००० प्रोसेसर मुख्य भार उचलतात आणि ध्वनीसाठी झेड८० हा प्रोसेसर वेगळा ठेवलेला आहे. हिरोशी कावागुची यांच्या तीन सुरावटींपैकी एक खेळ सुरू होण्यापूर्वी गाडीच्या रेडिओवर निवडायची असते. त्या संगीतासाठी यामाहाची वायएम२१५१ चिप आणि नोंदवलेले आवाज वाजवणारी सेगाची स्वतःची नमुना-ध्वनी यंत्रणा एकत्र काम करतात.

असे असले तरी नुसता सर्किट बोर्ड संग्रहात ठेवून ‘आउट रन’ आपल्याकडे आहे असे म्हणता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. या खेळात कॅबिनेट, म्हणजे यंत्राचा बाहेरचा सांगाडा, हा खेळाचाच भाग आहे. सेगाने ते चार रूपांत काढले: दोन उभी आणि दोन बसून खेळण्याची. बसून खेळण्याची दोन्ही यंत्रे खेळातल्या गाडीच्या आकाराची आहेत. वळणावर आणि धडकेच्या वेळी मोटर संपूर्ण कॅबिनेट हलवते आणि ध्वनिवर्धक खेळणाऱ्याच्या डोक्यामागे बसवलेले आहेत. मोठ्या, म्हणजे डिलक्स, रूपात पडदा २६ इंची आहे, तर साध्या रूपात तो २० इंची आहे. गाडी रस्त्याबाहेर जाताच आसनासकट आपण हादरतो, तेव्हा पडद्यावरचा वेग शरीरापर्यंत पोहोचतो. हा अनुभव घरच्या कोणत्याही आवृत्तीत मिळत नाही.

म्हणूनच डिलक्स यंत्र पाहायला गेल्यावर ते आधी चालू करून हलू द्यावे. मोटरचा आवाज दोन्ही दिशांना सारखा आहे का, हालचाल टोकाला जाऊन अडकते का आणि मध्यावर परत येते का, हे नीट तपासावे. हालचाल बंद करून ठेवलेले यंत्र कितीही चकचकीत असले, तरी मी त्याला चालत्या यंत्राच्या जवळपासचीही किंमत देणार नाही. रंग उडालेली बाजू पुन्हा छापून घेता येते आणि आसनाचे आवरण नव्याने शिवता येते. पण हरवलेला मूळ मोटर-संच मिळवणे फार कठीण असते. त्यानंतर स्टिअरिंग आणि पेडल पाहावेत. त्यांची स्थिती ओळखणारे विद्युत घटक झिजले की गाडी सरळ रस्त्यावरही थरथरते, पण हे घटक बदलता येतात आणि चाचणी-पडद्यावर नव्याने जुळवता येतात, त्यामुळे एवढ्या कारणासाठी सौदा मोडू नये. यंत्र बराच वेळ तापू द्यावे आणि मगच चित्राकडे पाहावे, कारण थंड असताना नीट दिसणाऱ्या बोर्डमध्ये काही वेळाने गाड्यांच्या आकृत्यांवर रेघा उमटू लागतात, आणि तो दोष दुरुस्त करायला जाणकार हात लागतो.

एक गोष्ट मात्र ‘आउट रन’च्या बाजूने निःसंशय आहे. १९८९ साली आलेल्या ‘टर्बो आउट रन’ या पुढच्या खेळात सेगाने नक्कल रोखणारा संरक्षक प्रोसेसर वापरला, ज्यातील किल्ली (खेळाचा सांकेतिक प्रोग्रॅम उलगडणारी माहिती) एका बॅटरीच्या जोरावर टिकून असते, बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि मूळ अवस्थेतला बोर्ड निकामी होतो. सर्वत्र चाललेल्या नेहमीच्या ‘आउट रन’ बोर्डमध्ये साधा प्रोसेसर आहे आणि हा धोका नाही. दीर्घकाळ जपण्याच्या दृष्टीने हा फरक मला कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाचा वाटतो. जुन्या यंत्रांत नवा संच बसवून त्यांचे ‘टर्बो आउट रन’ करण्याची सोय त्या काळी उपलब्ध होती. त्यामुळे बाहेरच्या नावावर विश्वास न ठेवता मागचे दार उघडून बोर्ड स्वतः पाहावा.

मूळपणाचा प्रश्न गाडीच्या बाबतीतही येतो. खेळातली लाल उघडी गाडी फेरारी टेस्टारोसावरून उघडपणे बेतलेली आहे, पण १९८६ साली त्यासाठी परवाना घेतलेला नव्हता. नंतरच्या पुनःप्रकाशनांत गाडीचा आकार बदलावा लागला, आणि पुढे परवान्यासह निघालेला ‘आउट रन ऑनलाइन आर्केड’ परवाना संपल्यावर विक्रीतून काढून घेण्यात आला. मूळ रेखाटन मूळ यंत्रावरच पाहण्याचे मूल्य यामुळे वाढले आहे, आणि ते मला अगदी रास्त वाटते.

जागा कमी असेल, तर उभे यंत्र घ्यायला हरकत नाही. ते संपूर्ण हलत नसले तरी स्टिअरिंग, दोन गतींचा गिअर आणि पेडल हे सारे त्यात आहे. तेही शक्य नसलेल्यांनी सेगाच्याच घरगुती खेळयंत्रांकडे वळावे, पण मेगा ड्राइव्हच्या १९९१ च्या कार्ट्रिजवर पैसे घालण्यापेक्षा १९९६ ची सॅटर्न आवृत्ती शोधावी. आर्केडमध्ये सेकंदाला ३० चित्रे दिसतात, तर सॅटर्नवर ६० चित्रांचा पर्याय आहे आणि नव्याने रचलेल्या वाद्यमेळातले संगीतही ऐकता येते. मूळ यंत्र घेणाऱ्याने आणखी एक चौकशी अवश्य करावी: जपानमधल्या आवृत्तीत मार्गांची आखणी परदेशी आवृत्तीपेक्षा वेगळी आहे, तेव्हा बोर्डवर कोणती आवृत्ती आहे हे विक्रेत्याकडून आधी जाणून घ्यावे.