ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी : सहा भेटींनंतर

अंग खाली आल्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी योनीत, अंग वर धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग (पेसरी) बसवून दिली. लघवीचं विचारलं, शौचाचं विचारलं, झालं. नवऱ्याजवळ जाताना दुखतं आणि थोडी लघवीही होते, हे सांगायला मी दारापर्यंत जाऊन परत वळले आणि तपासणीची पुढची तारीख विचारून आले!

मग वर्षभर मोबाइलवर बघून केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम. रोज शंभर. दुखणं वाढलंच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत बारा प्रश्नांचा छापील कागद हातात दिला. गळेल या भीतीने टाळता का, अंग बाहेर येतं म्हणून टाळता का, दुखतं का. जे बोलायला मला जमत नव्हतं ते कोणीतरी आधीच छापून ठेवलं होतं. या एका कागदासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. त्यात दोन प्रश्न नवऱ्याच्याही अडचणींबद्दल आहेत. ते मी घरी नेऊन यांना विचारूनच भरले. यांनी आधी चष्मा पुसला, मग उत्तर दिलं.

तपासणी एका बोटाने, आधी विचारून, 'थांबा म्हणालात की थांबते' असं सांगून. मग म्हणाल्या, "ताई, डावीकडचा स्नायू सैल नाही, आवळून बसलाय. केगल बंद. आधी सोडायला शिकू." गळेल म्हणून मी खोकताना आवळायचे, शिंकताना आवळायचे, हे जवळ आले की आवळायचे. दिवसभर मूठ वळून बसल्यासारखं. श्वास घेताना तळ खाली उतरतो, सोडताना वर येतो. माझं नेमकं उलटं चाललं होतं. हे जमायलाच तीन भेटी गेल्या. डायलेटर, म्हणजे योनीला हळूहळू सैल व्हायची सवय लावणाऱ्या गुळगुळीत नळ्या, त्यानंतर, सगळ्यात लहानापासून.

गळण्याबद्दल त्यांनी विचारलं, सुरुवातीला आत जाताना, की शेवटी? सुरुवातीचं बहुतेक वेळा खोकल्या-शिंकेला गळतं त्या जातीचं, शेवटचं मूत्राशय आवळल्यामुळे, उपचार निराळे. माझं पहिलं. आधी लघवीला जाऊन यायचं, एवढ्यानेही फरक पडला. रिंग आत ठेवूनही संबंध येतो, नको असेल तर काढायची. एक पाय स्टुलावर ठेवून काढायला-घालायला त्यांनीच शिकवलं. दांडीवाली पेसरी असती तर आधी काढावीच लागली असती. वंगण पाण्याचं घ्या, सिलिकॉनचं रिंगेला चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

कोरडेपणा मात्र व्यायामाने जात नाही, असं म्हणून त्यांनी मला परत डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळालं. गुण यायला आठवडे लागले.

तक्रार एकच. तपासणीची खोली म्हणजे नुसता पडदा. पलीकडे बसलेल्या बाईंना माझा कोरडेपणा तोंडपाठ झाला असेल. एक गुण कापला.

शेवटच्या भेटीत तोच कागद पुन्हा भरला. दुखण्यापुढे 'नेहमी'ऐवजी 'क्वचित'. गळण्यापुढे अजून 'कधी कधी'. पुढची भेट तीन महिन्यांनी, आणि आता केगल हळूहळू सुरू.